विकत घेतलेल्या यंत्राची किल्ली



जुन्या लॅपटॉपच्या बाजारात नेहमी दिसणाऱ्या एका प्रसंगापासून या विषयाला सुरुवात करणे सोयीचे होईल. एखाद्या कचेरीने तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला लॅपटॉप एखादी विद्यार्थिनी परवडणाऱ्या किमतीला घेते. त्यातील विंडोज संथ झालेली असते. कोणी जाणकार तिला सांगतो की त्यावर लिनक्स घाल, ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही नीट चालते. ती पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घेते आणि यंत्र सुरू करते. पुष्कळ यंत्रांवर हे काम अर्ध्या तासात पार पडते. काही यंत्रांवर मात्र पडद्यावर एक करडी सूचना उमटते, की या प्रणालीवरील सही ग्राह्य नाही. आणखी काही यंत्रांवर सूचनाही येत नाही. नव्या प्रणालीला यंत्रातील डिस्कच दिसत नाही. पैसे मोजले तिने, पावती तिच्या नावाची, पण यंत्रात काय चालावे हे ठरविणारा कोणी दुसराच आहे, हे तिला त्या क्षणी प्रथम कळते. हा दुसरा कोण, आणि हा अधिकार त्याला कोणी दिला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी जी जागी होते ती विंडोजही नसते आणि लिनक्सही नसते. यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका चिपमध्ये कारखान्यातच भरून ठेवलेली एक लहानशी आज्ञावली आधी चालू होते. तिला फर्मवेअर म्हणतात. कळफलक, पडदा, डिस्क यांची हजेरी घ्यायची आणि मग सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे यंत्र चालविणाऱ्या मूळ प्रणालीच्या, हाती सोपवायचा, एवढेच तिचे काम. पूर्वी हिला बायॉस म्हणत. आता तिची जागा युईएफआय नावाच्या नव्या रचनेने घेतली आहे, तरी दुरुस्तीच्या दुकानांतून अजून बायॉस हाच शब्द चालतो. सर्वसामान्य माणसाचा या आज्ञावलीशी कधी संबंध येत नाही. म्हणूनच तिच्यात जे बदल गेल्या पंधरा वर्षांत झाले ते फारसे कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत.

मूळची स्थिती काय होती हे आधी पाहिले पाहिजे. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या बायॉसची आज्ञावली तांत्रिक पुस्तिकेत सरळ छापलेली होती. अर्थात तिच्यावरील स्वामित्वहक्क राखलेला होता आणि तिची नक्कल करणे हा गुन्हा होता. कॉम्पॅक कंपनीने यातून एक वाट काढली. एका गटाने आयबीएमचे बायॉस नेमके काय काम करते याचे वर्णन तयार केले, आणि ती आज्ञावली कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवे बायॉस लिहून काढले. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅकचा संगणक जाहीर झाला. पुढे फिनिक्स या कंपनीने अशाच रीतीने लिहिलेले बायॉस कोणालाही विकण्यास प्रारंभ केला, आणि आयबीएमशी जुळणारे संगणक बनविणारे कारखाने जगभर निघाले. संगणक स्वस्त झाला तो या मोकळीकीमुळे. आयबीएमच्या मनात लोककल्याण होते असे मुळीच नाही. घाईने यंत्र बाजारात आणावयाचे म्हणून तिने बाहेर मिळणारे सुटे भाग जोडले आणि त्यातून हे मैदान मोकळे राहिले. पुष्कळ चांगल्या गोष्टी अशा कोणाच्या तरी घाईतूनच झालेल्या आहेत.

या मोकळ्या मैदानाचे फळ लवकरच दिसून आले. १९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटेलच्या ३८६ चिपचा एक संगणक घेतला. यंत्राच्या पोटात नेमके काय चालते हे समजून घेण्यासाठी त्याने स्वतःची प्रणाली लिहावयास घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती जाहीर केली. तेच लिनक्स. आज जगातील सर्वांत वेगवान गणल्या जाणाऱ्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो, आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनचाही गाभा तोच आहे. ध्यानात घ्यावयाचे ते असे, की त्या १९९१ च्या यंत्राच्या बायॉसने त्या मुलाला त्याच्या प्रणालीवर कोणाची सही आहे हे विचारले नाही. डिस्कच्या पहिल्या कप्प्यात जे काही लिहिलेले सापडले ते त्याने निमूटपणे चालविले.

परंतु हाच निमूटपणा पुढे धोक्याचा ठरू लागला, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जी आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालते तिच्यात एखादा घातक किडा शिरला, तर वरच्या थरातील कोणत्याही बंदोबस्ताला तो सापडत नाही. हे नुसते भय दाखविणे नव्हे. फर्मवेअरमध्येच घर करून राहणारा किडा प्रत्यक्ष वापरात असल्याचे ईसेट या सुरक्षा-संस्थेने २०१८ साली उघड केले. तेव्हा आधीच्या पायरीने पुढच्या पायरीची ओळख पटवून घेतल्याखेरीज तिला चालू देऊ नये, ही कल्पना चुकीची नाही. २०११ साली युईएफआयच्या नियमावलीत ती 'सिक्युअर बूट' या नावाने दाखल झाली. यंत्राच्या चिपमध्ये ग्राह्य सह्यांची एक यादी असते आणि बाद ठरविलेल्यांची दुसरी. या याद्यांत फेरफार करण्याचा अधिकार एका वेगळ्या किल्लीकडे असतो आणि त्या सर्वांवरची प्रमुख किल्ली यंत्र बनविणाऱ्या कंपनीची असते. नियमावलीत कोठेही असे म्हटलेले नाही की यादीत अमुकच कंपनीची सही असावी, किंवा यंत्राच्या मालकाला आपली सही यादीत घालता येऊ नये. कुलूप तेवढे वर्णिलेले आहे. किल्ली कोणाच्या कनवटीला असावी हे नियमावलीने सांगितले नाही. ते बाजाराने ठरविले, आणि या बाजारात एकाच कंपनीचा शब्द चालतो.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की ज्या यंत्रांना विंडोज ८ ची अधिकृत मान्यता हवी असेल त्यांनी सिक्युअर बूट चालू स्थितीतच विकले पाहिजे. विंडोजची मान्यता नाकारून लॅपटॉप विकणे कोणत्याही मोठ्या कारखानदाराला परवडणारे नव्हते. साहजिकच जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या यादीत मायक्रोसॉफ्टची सही गेली. दुसऱ्या कोणाची जाण्याचे कारणच नव्हते. रेड हॅट कंपनीत काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांनी हा धोका त्याच महिन्यात जाहीरपणे मांडला आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या प्रकाराला 'निर्बंधित बूट' म्हणावे असा आग्रह धरला. त्यावर मायक्रोसॉफ्टचे उत्तर असे होते, की ग्राहकाला ही व्यवस्था बंद करू द्यायची की नाही हा यंत्र बनविणाऱ्याचा प्रश्न आहे. अट आपली आणि जबाबदारी दुसऱ्याची, अशी ही वाटणी होती.

ओरड झाली तिचा परिणाम काही अंशी झाला. डिसेंबर २०११ मध्ये जी सविस्तर अटींची यादी निघाली तीत इंटेल जातीच्या चिपवर चालणाऱ्या यंत्रांबाबत असे नमूद होते, की मालकाला सिक्युअर बूट बंद करता आले पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्याही घालता आल्या पाहिजेत. येथवर ठीक. पण त्याच कागदावर, एआरएम जातीच्या चिपवर चालणाऱ्या यंत्रांबाबत, नेमके उलटे लिहिलेले होते: त्यांत सिक्युअर बूट बंद करणे शक्यच असता कामा नये. एकाच कागदावर एकाच सुरक्षेसाठी दोन परस्परविरुद्ध आज्ञा! सुरक्षा हेच एकमेव कारण असते तर चिपची जात बदलताच मालकाचा अधिकार का नाहीसा व्हावा, याचे उत्तर त्या कागदात नव्हते. ते बाजारात होते. इंटेलच्या यंत्रांवर लिनक्स वापरणारे लोक, विद्यापीठे आणि मोठमोठ्या कंपन्या आधीपासून होत्या. त्यांना दुखविणे शक्य नव्हते. एआरएमची विंडोज यंत्रे नवी होती, त्यांना अजून बोलणारे ग्राहक नव्हते. जेथे प्रतिकार नव्हता तेथे दार पुरते बंद झाले.

त्या बंद दारामागच्या यंत्राची पुढची कहाणी सांगण्याजोगी आहे. मायक्रोसॉफ्टने 'सरफेस आरटी' हे आपले एआरएम यंत्र ऑक्टोबर २०१२ मध्ये ४९९ डॉलर किमतीला बाजारात आणले. ते चालले नाही. पुढल्याच वर्षी, २०१३ च्या जुलैमध्ये, पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. कंपनीने तो सोसला. तिला तो सोसण्याजोगा होता. ज्यांनी यंत्र विकत घेतले होते त्यांच्या हाती मात्र अशी वस्तू राहिली, की जिच्यात दुसरी कोणतीही प्रणाली बसविण्यास बनविणाऱ्याचीच मनाई. विंडोज आरटीला मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा जानेवारी २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या. पडदा चांगला, बॅटरी चालू, चिप धडधाकट, आणि तरीही अधिकृत रीतीने ते यंत्र नवे काही शिकू शकत नाही. मध्यंतरी २०१६ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले, की मायक्रोसॉफ्टच्याच हातून बाहेर निसटलेल्या एका अंतर्गत परवानापत्राच्या आधारे हे कुलूप उघडता येते. काही हौशी मंडळींनी पुढे त्या यंत्रांवर लिनक्स चालवूनही दाखविले. म्हणजे मालकाला आपल्याच यंत्राचा उपयोग करण्यासाठी कंपनीच्या गलथानपणाची वाट पाहावी लागली. पैसे भरणारा माणूस खातेदार न होता कूळ होऊन बसतो, तो असा.

मग इंटेलच्या यंत्रांवर दिलेले अभिवचन तरी टिकले काय? २०१५ साली विंडोज १० च्या अटी पुढे आल्या तेव्हा असे दिसून आले, की सिक्युअर बूट बंद करण्याची सोय ठेवलीच पाहिजे ही सक्ती नाहीशी झाली असून ती ठेवावी की नाही हे कारखानदाराच्या मर्जीवर सोपविलेले आहे. बहुतेक कारखानदारांनी ती सोय काढली नाही हे खरे. परंतु 'असलेच पाहिजे' या शब्दांच्या जागी 'असले तरी चालेल' हे शब्द आले ते कोणत्याही कायदेमंडळापुढे न येता, एका कंपनीच्या कागदावर. जे एका ओळीने मिळते आणि दुसऱ्या ओळीने जाते त्याला हक्क म्हणता येत नाही.

लिनक्सवाल्यांनी या परिस्थितीत काय केले, हा या प्रकरणाचा काहीसा खिन्न करणारा भाग आहे. फेडोरा, उबुंटू यांसारख्या मोठ्या लिनक्स संचांनी मायक्रोसॉफ्टकडूनच आपल्या पहिल्या पायरीवर सही करवून घेण्याचा मार्ग पत्करला. त्यासाठी 'शिम' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिण्यात आली. मायक्रोसॉफ्टची सही शिमवर, आणि पुढच्या सर्व गोष्टींची शहानिशा शिमने करावयाची, अशी ती साखळी. नोंदणीची फी ९९ डॉलर होती, म्हणजे तक्रार करावी एवढी मोठी रक्कम नव्हे. व्यवहारी दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच होता. त्यामुळेच आज बहुसंख्य यंत्रांवर लिनक्स विनासायास बसते, आणि ज्यांनी तो घेतला त्यांना आराम-खुर्चीतून दोष देणे सोपे आहे. तरीही घडले ते असे, की कोणत्याही मालकाविना, जगभरच्या लोकांनी मिळून उभारलेल्या प्रणालीला दुसऱ्याच्या अंगणात शिरताना आपल्या स्पर्धकाचा परवाना दाखवावा लागतो. शिवाय जो संच मोठा आहे, ज्याच्यामागे कंपनी किंवा संस्था आहे, त्याला हा परवाना मिळतो. चार विद्यार्थ्यांनी मिळून केलेल्या प्रणालीला तो मिळविणे सोपे नाही. टोरवाल्ड्सची १९९१ ची प्रणाली त्या चार विद्यार्थ्यांच्या प्रणालीसारखीच होती.

हा परवानाही पुढे आणखी आक्रसला. २०२२ साली लेनोव्होच्या थिंकपॅड झेड१३ या नव्या लॅपटॉपवर असे आढळले, की मायक्रोसॉफ्टने ज्या सहीने लिनक्सवाल्यांची शिम मान्य केली होती ती सही यादीतून मुळातच बंद ठेवलेली आहे. विंडोजला ज्या सहीची गरज असते तेवढीच चालू. सेटिंगमध्ये जाऊन दुसरी सही चालू करता येत होती, म्हणून प्रकरण फारसे पेटले नाही. पण ते सेटिंग कोठे असते हे माहीत नसलेल्या माणसाला अनुभव एकच येतो: लिनक्स या यंत्रावर चालत नाही.

काही वेळा तर कुलपाचा प्रश्नच नसतो आणि तरी दार बंद असते. २०१६ साली लेनोव्होच्या योगा ९०० मालिकेतील काही यंत्रांवर लिनक्स बसविताना डिस्क दिसेना, म्हणून मोठा गदारोळ झाला. डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती असतात. त्यातील सर्वमान्य रीतीचा पर्यायच या यंत्राच्या फर्मवेअरमधून काढून टाकलेला होता. मायक्रोसॉफ्टशी झालेल्या गुप्त कराराची वदंता उठली. ती सिद्ध झाली नाही, आणि येथे गॅरेट यांनीच, ज्यांना मायक्रोसॉफ्टचे वकील कोणी म्हणणार नाही, असे दाखवून दिले, की दोष गुप्त करारापेक्षा इंटेलच्या त्या दुसऱ्या रीतीची माहिती लिनक्सला उपलब्ध नसण्यात आहे. लेनोव्होने पुढे त्याच वर्षी त्या यंत्रांसाठी वेगळे फर्मवेअर दिले आणि लिनक्स बसू लागले. कट नव्हता, हे मान्य करू. पण कट नसताना हे घडते हीच अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कोणी वाईट हेतू धरण्याची गरजच पडत नाही. कारखान्यात कोणीतरी सोयीसाठी एक पर्याय पुसतो आणि हजारो मालकांचा एक अधिकार त्याबरोबर पुसला जातो. तो परत मिळतो तो आरडाओरड झाल्यावर, आणि तोही उपकार म्हणून.

आता सुरक्षेच्या युक्तिवादाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण खरी लढाई तेथे आहे. यंत्र सुरक्षित राहावे म्हणून किल्ली कंपनीकडे असावी, असे सांगितले जाते. तर मग कंपन्यांनी ही राखणदारी कशी केली ते पाहू. २०१५ साली उघडकीस आले, की लेनोव्होने ग्राहकांना विकलेल्या अनेक लॅपटॉपवर सुपरफिश नावाचे एक जाहिरातबाज सॉफ्टवेअर आधीच भरून ठेवलेले होते. ते वापरणाऱ्याच्या बँकेशी होणाऱ्या गुप्त संभाषणातही आपले नाक खुपसू शकत होते. त्याच वर्षी असेही दिसून आले, की याच कंपनीच्या काही यंत्रांचे फर्मवेअर, मालकाने डिस्क पुसून स्वच्छ विंडोज नव्याने घातली तरी, कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर गुपचूप पुन्हा आत सोडीत असे. आणि यासाठी वापरलेली वाट विंडोजनेच कारखानदारांना करून दिलेली होती. म्हणजे जेथे मालकाला पाय ठेवण्यास मज्जाव, तेथे राखणदाराची ये-जा खुशाल चालू. २०२३ साली तर एमएसआय या कंपनीवर दरोडा पडून तिच्या यंत्रांच्या फर्मवेअरच्या खासगी किल्ल्या चोरांच्या हाती गेल्या. त्यांतील काही किल्ल्यांची खूण इंटेलच्या रचनेप्रमाणे चिपमध्ये कायमची भाजून टाकलेली असते. त्यामुळे किल्ली चोरीला गेली तरी कुलूप बदलण्याची सोय नाही, मालकाला नाही आणि खुद्द कंपनीलाही नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्लॅकलोटस नावाचा किडा सिक्युअर बूट चालू असलेल्या, सर्व सुधारणा बसविलेल्या विंडोज ११ यंत्रांतही शिरतो, असे ईसेटने दाखविले. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने बाद सह्यांच्या बाबतीत एक सुधारणा पाठविली. विंडोजसोबत लिनक्स ठेवलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात अशी अनेक यंत्रे एका सकाळी लिनक्स सुरू करण्याचेच नाकारू लागली. त्या लोकांनी काही बदलले नव्हते. त्यांच्या घराचे कुलूप रात्रीतून दुसऱ्याने बदलले होते.

यावरून कुलूपच नको असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. सुरक्षा आणि मालकाचा अधिकार एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा अशा कंपनीच्या घरात सापडतो की जिच्याकडून कोणी त्याची अपेक्षा केली नसती. ॲपलने २०२० साली एम१ चिपचे लॅपटॉप काढले. त्यांच्या फर्मवेअरमध्ये अशी तरतूद आहे, की मालकाने यंत्रासमोर बसून, आपला पासवर्ड देऊन, आपल्या यंत्रापुरती दुसरी प्रणाली मान्य करावी; ॲपलच्या प्रणालीची सुरक्षा त्याने ढिली होत नाही. असाही लिनक्स हा संच या वाटेने त्या लॅपटॉपवर चालतो. २०२१ साली हीच एम१ चिप ॲपलने आयपॅड प्रोमध्ये घातली, आणि तेथे ही वाट ठेवली नाही. चिप तीच, कंपनी तीच, सुरक्षेचे शास्त्रही तेच. लॅपटॉपचा मालक प्रणाली बदलू शकतो, आयपॅडचा बदलू शकत नाही. ही दोन यंत्रे शेजारी शेजारी मांडली, की कुलूप तांत्रिक अपरिहार्यतेतून लावलेले असते हा समज उरत नाही. आयपॅडवर प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीच्या दुकानातून जावे आणि त्याची दलाली मिळावी, हा धंद्याचा हिशेब आहे. तो हिशेब करण्यास कंपनी मोकळी असेल. त्याला सुरक्षेचे नाव देऊ नये.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सामान्य माणसाला प्रणाली बदलावयाची कोठे असते? शंभरांतील एखाददुसरा हौशी सोडला तर बाकीच्यांचे काहीच अडत नाही. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु घरची विजेची दुरुस्तीही शंभरातील नव्वद लोक स्वतः करीत नाहीत, ते वायरमनला बोलावतात. म्हणून घराचा विजेचा खोका वीज कंपनीने सीलबंद करून न्यावा असे कोणी म्हणत नाही. यंत्र उघडण्याचा हक्क एकाने वापरला की त्याचा लाभ शंभरांना होतो. केरळमधील सरकारी व अनुदानित शाळांचे उदाहरण पाहावे. तेथे कित्येक वर्षे संगणकाचे शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर दिले जाते. उबुंटूवर आधारलेली, मल्याळम भाषेची सोय असलेली प्रणाली २०१९ साली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी तयार करण्यात आली. त्या लाखो मुलांपैकी फारच थोड्यांना फर्मवेअर म्हणजे काय हे ठाऊक असेल. पण ती यंत्रे सहीच्या कुलपात बंद असती तर त्यांच्या शिक्षकांना हा निर्णय घेताच आला नसता. तीच गोष्ट मराठीची. मुक्त प्रणालीतील मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी केलेली आहेत, ती कोणाच्या बाजारपेठेच्या हिशेबावर अवलंबून राहिली नाहीत.

आणि आता तर प्रश्न हौसेचा राहिलेलाच नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप आणि ज्या नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, ती नसलेली असंख्य यंत्रे जगभर आहेत, आणि ती पुष्कळशी चालू स्थितीत आहेत. त्यांच्यापुढे दोन वाटा उरतात, एक लिनक्सची आणि दुसरी भंगाराची. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निघाला आणि त्यातील एक चतुर्थांशापेक्षाही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागली. उरलेला कोठे जातो हे दिल्लीच्या सीलमपूर वस्तीत जाऊन पाहावे. तेथे स्त्रिया आणि मुले धरून माणसे हातांनी पाट्या फोडतात, आम्लात बुडवून त्यांतून तांबे व सोने काढतात, आणि तो धूर छातीत घेतात. कारखान्यात पुसलेल्या एका पर्यायाची किंमत अखेरीस कोणाच्या फुप्फुसातून वसूल होते, याचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

कायद्याने यात काय केले? फारसे नाही. स्पेनमधील लिनक्स वापरणाऱ्यांच्या हिस्पालिनक्स या संघटनेने २०१३ साली सिक्युअर बूटविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. तिच्यातून काही भरीव निघाले नाही. एका फ्रेंच ग्राहकाने सोनीच्या लॅपटॉपसोबत गळ्यात बांधलेल्या विंडोजचे पैसे परत मागितले. तो वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ साली न्यायालयाने सांगितले, की प्रणालीसकट लॅपटॉप विकणे ही एवढ्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही. भारतात केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व एक संकेतस्थळही उघडले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु दुरुस्तीचा हक्क स्क्रू, बॅटरी आणि पडदा यांपाशी थांबला, तर यंत्राचे शरीर मालकाचे आणि प्राण कंपनीचा अशी स्थिती होईल.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही, कारण या देशात लॅपटॉपचा एक फार मोठा गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे. शाळा, विद्यापीठे, जिल्हा परिषदा, बँका, न्यायालये यांच्यासाठी होणारी खरेदी सार्वजनिक पैशातून होते. केंद्राने २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली घालण्याचे ठरविले. हे धोरण खरे करावयाचे असेल तर निविदेत प्रोसेसर आणि मेमरी यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ घालावी लागेल: यंत्राच्या प्रमुख किल्लीसह सर्व सह्यांच्या याद्या खरेदीदाराला बदलता आल्या पाहिजेत, आणि यंत्र निकालात काढताना ते सर्व अधिकार व पासवर्ड नव्या मालकाच्या हाती मोकळे गेले पाहिजेत. एवढी अट घातली म्हणून कोणताही मोठा कारखानदार भारत सोडून जाणार नाही. त्याला ती पुरी करण्यास नवे संशोधनही करावे लागत नाही. ही सोय २०११ च्या नियमावलीत आहेच, ती काढून टाकू नये एवढीच मागणी आहे.

या मागणीला घाई कशासाठी, असे कोणी विचारील, तर तारीख ठरलेली आहे. मायक्रोसॉफ्टची जी सह्यांची प्रमाणपत्रे २०११ साली जगभरच्या यंत्रांत भरली गेली, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपते. शिमवर सही करणारे प्रमाणपत्रही त्यांतच मोडते. जुने यंत्र त्या दिवशी एकाएकी बंद पडणार नाही. परंतु पुढच्या काळात निघणाऱ्या लिनक्स संचांवर २०२३ च्या नव्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि ते प्रमाणपत्र यंत्राच्या यादीत नसेल तर यंत्र त्यांना ओळखणार नाही. नव्या यंत्रांना ते कारखान्यातूनच मिळते. काहींना कंपनीच्या सुधारणेतून मिळेल. ज्या सहा-सात वर्षे जुन्या लॅपटॉपकडे त्याच्या कंपनीने केव्हाच पाठ फिरविली आहे त्याच्या मालकाने, फर्मवेअरने मुभा दिली असेल तर, पाच मिनिटांत ते स्वतः यादीत घालावे किंवा सहीची तपासणीच बंद करावी. ती मुभा नसेल तर जुन्या बाजारातून तो लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थिनीला पेनड्राइव्ह लावल्यावर तीच करडी सूचना दिसेल.